पेरूच्या किनाऱ्यावर दोघांनी निवांत कसं फिरावं

लेक न्यू जर्सीला, त्यामुळे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा पासपोर्टात पडलेला होताच. दोनदा जाऊन नातू सांभाळून झाला, मॉल बघून झाले, बर्फही उपसून झाला. तिसऱ्या खेपेला हे रिटायर झाले होते आणि म्हणाले, एवढ्या लांब जातोच आहोत तर तिथून थोडं खाली उतरू. खाली म्हणजे दक्षिण अमेरिका. नकाशात खालीच आहे ना. असं करत पेरू ठरलं, आणि आमच्या शेजारच्या काकू अजूनही विचारतात, "काय गं, पेरू खाल्लेस का पेरूत?"

आता पेरू म्हटलं की सगळे माचू पिक्चूच म्हणतात. पण तिकडे जायला बहुतेकांना कुस्को शहर गाठावं लागतं आणि कुस्को आहे ३,४०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच, तिथे उतरल्या उतरल्या धडधाकट तरुण पोरांचंही डोकं धरतं आणि ह्यांना तर बीपीची गोळी चालू. डॉक्टर म्हणाले कशाला विषाची परीक्षा घेता. मग आम्ही समुद्रकिनारा धरला. सगळा प्रवास समुद्रसपाटीला, चढ नाही की धाप नाही, चोवीस दिवस दोघंच. तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच की कसं जमवलंत, म्हणून हे एकदाच सगळं लिहून काढतेय.

१. आधी गावं कमी करा

ह्यांनी एक्सेल शीट केली होती. नऊ गावं, अठरा दिवस, प्रत्येक ओळीत बसची वेळ आणि पुढे शेरा. बँकेत चौतीस वर्षं काढलेला माणूस, दुसरं काय करणार. मी बघितली आणि म्हटलं, अहो ही ट्रिप नाही, ऑडिट आहे.

मग बसून निम्म्याहून जास्त गावं उडवली आणि नियम केला की जिथे उतरू तिथे निदान चार रात्री. का, तर नव्या गावातला पहिला दिवस तसाही वाया जातो, बॅगा, गिझर कसा चालतो, प्यायचं पाणी कुठे मिळतं, ह्यातच संध्याकाळ होते. दुसऱ्या दिवशी आपण हावऱ्यासारखं सगळं बघून घेतो आणि पाय दुखवून घेतो. तिसऱ्या दिवशी ब्रेडवाला आपल्याकडे बघून मान हलवतो, आणि खरी मजा तिथून पुढे. दोन रात्रींत गाव सोडणारे नेमके तेव्हा बस स्टँडवर असतात. राहिलेल्या गावांची हळहळ वाटते, नाही असं नाही, पण ती घरी बसून वाटते, तिथे नाही.

२. कागदपत्रं (कंटाळवाणं आहे पण वाचा)

भारतीय पासपोर्टला पेरूचा व्हिसा लागतो. पण अमेरिका, कॅनडा, यूके, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा (म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो तो) व्हिसा असेल आणि तो अजून किमान सहा महिने व्हॅलिड असेल, किंवा त्यातल्या देशाची परमनंट रेसिडेन्सी असेल, तर टुरिस्ट म्हणून वेगळा व्हिसा लागत नाही. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत अशा आपल्याकडच्या कितीतरी आईवडिलांच्या कपाटात हा पास पडलेला आहे आणि त्यांना पत्ताच नाही. नियम बदलत असतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडून खात्री करून घ्या, आणि नियमाचं प्रिंटआउट जवळ ठेवा. आम्हाला चेक-इन काउंटरवरच्या मुलीने वीस मिनिटं उभं केलं कारण तिला हे माहीतच नव्हतं, प्रिंटआउट होतं म्हणून निभावलं. परत अमेरिकेत शिरायचं असेल तर तिथला व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना तेही बघून ठेवा.

दुसरं, यलो फीव्हर. हे फार जण विसरतात. किनाऱ्यावर तो धोका नाही म्हणतात, धोका जंगलाच्या बाजूला, पण आपल्या सरकारच्या यादीत पेरू अख्खा देशच आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, आणि साठीच्या पुढे असाल तर घ्यायची की नाही हे आधी डॉक्टरांना विचारायचं. आम्ही परतताना लेकीकडे तीन आठवडे राहून आलो त्यामुळे तो प्रश्नच आला नाही.

३. कधी जायचं

तिथे सगळं उलटं. डिसेंबर ते मार्च उन्हाळा, आणि आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिकडे थंडी. दक्षिणेकडून हंबोल्ट नावाचा गार पाण्याचा प्रवाह किनाऱ्याला लागून वर येतो, त्याच्यामुळे लिमात जून ते ऑक्टोबर आभाळ राखाडी असतं आणि 'गारुआ' नावाची धुक्याची भुरभुर चालू असते, पण धड पाऊस काही पडत नाही. एवढं मोठं शहर, एक कोटीच्या आसपास वस्ती, आणि छपरं सगळी सपाट. पागोळ्या हा प्रकारच नाही. किनारा अख्खा वाळवंट आहे, हे मी मुद्दाम सांगतेय, कारण समुद्र म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कोकण येतं, माडाच्या राया, लाल माती. ते डोक्यातून काढा. इथे एका बाजूला पिवळी वाळू, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक, मध्ये पॅन-अमेरिकन हायवे. पहिले दोन दिवस मला ते भकास वाटलं, खोटं कशाला बोलू. मग डोळा बसला. सूर्य मात्र कोकणासारखाच समुद्रात बुडतो, तेवढं ओळखीचं.

आम्ही ईस्टर झाल्यावर एप्रिलच्या मध्याला गेलो. ईस्टरच्या आठवड्यात अजिबात जाऊ नका, सगळा देश किनाऱ्यावर उतरलेला असतो आणि रूमचे भाव आकाशाला. नंतर गर्दी ओसरते, ऊन राहतं. व्हेल बघायचे असतील तर मात्र उत्तरेकडे जुलैअखेर ते ऑक्टोबर.

आणि एक. दर वर्षी मे महिन्यात आपल्या बातम्यांत येतं ना, यंदा एल निनो आहे, पाऊस कमी पडणार? तो एल निनो इथला. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी ठेवलेलं नाव आहे ते. नाताळच्या सुमारास पाणी एकदम कोमट व्हायचं आणि मासळी गायब व्हायची, म्हणून एल निनो, म्हणजे बाळ, बाळ येशू. लातूर-बीडच्या शेतकऱ्याच्या तोंडी जो शब्द आहे तो ह्या होड्यांवरून आलाय, हे तिथल्या धक्क्यावर उभं राहून आठवलं तेव्हा मला जरा कसंसंच झालं. गंमत म्हणजे ज्या एल निनोने आपल्याकडे बऱ्याचदा कोरडं जातं त्यानेच इथे वाळवंटात पूर येतात. १९८३, १९९८ आणि २०१७ साली उत्तरेकडच्या पिउरा भागाची दैना झाली होती, हायवेचे पूल वाहून गेले. तेव्हा एल निनोचं वर्ष असेल तर जानेवारी ते मार्च उत्तरेकडे जाऊ नका, एवढं साधं गणित.

४. रस्ता कसा धरायचा

लिमात उतरायचं, दक्षिणेला पाराकास करून लिमात परत, मग उत्तरेला उआन्चाको आणि शेवटी मान्कोरा. जाताना गार पाणी, येता येता कोमट. उलटं करू नका, मान्कोरा आधी केलं तर नंतर कुठे पाण्यात पाय घालावासा वाटणार नाही.

लिमात आम्ही बार्रान्को भागात राहिलो. जुने रंगीत वाडे, फुलझाडं, आणि एक लाकडी पूल आहे १८७६ सालचा, त्याचं नाव उसाशांचा पूल. श्वास रोखून पलीकडे गेलं की इच्छा पूर्ण होते म्हणतात. ह्यांनी मध्येच श्वास सोडला. तिथून शेजारच्या मीराफ्लोरेस भागापर्यंत कड्याच्या काठाने बागाच बागा आहेत, खाली समुद्र, बाकं भरपूर. जेटलॅग तिथेच काढा, बघायचं काही मनावर घेऊ नका. फक्त फोन हातात धरून रस्त्याच्या कडेला उभं राहायचं नाही, मोटरसायकलवाले हिसकावतात. टॅक्सी अ‍ॅपवरूनच, एअरपोर्टच्या दारात "ताक्सी, ताक्सी" करणाऱ्यांकडे बघायचंसुद्धा नाही.

पाराकास लिमापासून चारेक तास. इथे तीन रात्री पुरतात (आमचा चाराचा नियम इथे मोडला). सकाळी बोटीने बायेस्तास बेटांना जायचं, दोन तासांची फेरी, पेंग्विन, सी लायन आणि पक्षी तर इतके की डोंगर काळा दिसतो. पांढरा दिसतो तो त्यांच्या शिटेने. हसू नका, एकोणिसाव्या शतकात ह्या शिटेवर अख्ख्या देशाचा खजिना चालायचा, ग्वानो म्हणून खत जायचं युरोपला जहाजं भरभरून. बेटावर उतरू देत नाहीत. टोपी घालायचीच, आणि धुता येईल अशी. मी नवी कोरी स्ट्रॉ हॅट घालून गेले होते, ती तिथेच कचऱ्यात टाकून आले. बोट सकाळचीच घ्या, दुपारनंतर वारा सुटतो आणि वाळू उडायला लागते. दुसऱ्या दिवशी नॅशनल रिझर्व्हमध्ये गाडी करून गेलो, लाल वाळूचा बीच आहे एक. तिथे 'कॅथेड्रल' नावाची दगडी कमान होती, ती १५ ऑगस्ट २००७ च्या भूकंपात कोसळली, आता नुसता सुळका उभा आहे आणि लोक त्याचेच फोटो काढतात.

५. उआन्चाकोला जास्त दिवस ठेवा

हे माझं मत, ह्यांचं मत मान्कोरा. पण लिहितेय मी.

त्रुहियो शहरापासून १२ किलोमीटरवर हे कोळ्यांचं गाव आहे. लिमाहून साडेपाचशे किलोमीटर, म्हणजे आठ-नऊ तासांची बस, किंवा तासाभराचं विमान. इथे होड्या लव्हाळ्याच्या असतात. तोतोरा नावाचं लव्हाळं, गावाच्या टोकाला खड्ड्यांत लावतात, कापतात, उन्हात वाळवतात आणि मग जुड्या बांधून त्यांची होडी करतात. टोक वर वळलेलं, मोजडीच्या चोचीसारखं. स्पॅनिश लोक आले तेव्हा ह्या होडीवर मांड टाकून बसलेले कोळी बघून त्यांनी नाव ठेवलं 'काबायितो', म्हणजे छोटा घोडा. प्रकार मात्र त्यांच्या कितीतरी आधीचा आहे, तीनेक हजार वर्षांचा मानतात, इथे सापडलेल्या मोचे नावाच्या प्राचीन लोकांच्या मडक्यांवर अशीच होडी आणि असाच बसलेला माणूस आहे.

आम्ही रोज सकाळी धक्क्याशेजारच्या बाकावर जाऊन बसायचो. एक म्हातारे बाबा होडी बांधत होते. दोन जाड जुड्या आणि त्यांच्या पोटाशी दोन बारीक, जाड जुडीला म्हणतात आई आणि बारकीला लेकरू. दोरी ओढताना ते पायाचा अंगठा अडकवून अख्खं अंग मागे टाकायचे, अगदी आपल्याकडे बाजेची सुंभ ताणतात तसं. मागच्या बाजूला मासे ठेवायला खळगा ठेवतात, वल्हं म्हणजे उभा चिरलेला बांबू. परत आले की होडी भिंतीला उभी टेकवून ठेवतात, पाणी निथळायला, कारण लव्हाळं पाणी पितं आणि होडी जड होत जाते, महिना-दोन महिन्यांत ती संपते आणि नवी बांधायची. हे मला फार आवडलं, की तीन हजार वर्षं टिकलेली गोष्ट दीड महिनाच टिकते.

थोडे पैसे देऊन टुरिस्टांना होडीवर फिरवून आणतात. ह्यांना हौस. लाटेवर गेले, परत येताना उलटे झाले, छातीएवढ्याच पाण्यात, पण ते पाणी असं गार की बाहेर आल्यावर पाच मिनिटं बोलता येईना. बाबा पोट धरून हसले आणि मग स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला. लाल बावटा असेल तर मात्र पाण्यात जायचंच नाही, खाली ओढ जबरदस्त आहे, २०१३ पासून हे गाव सर्फिंगवाल्यांच्या जागतिक राखीव यादीत आहे ते उगाच नाही.

जवळच चान चान, चिमू लोकांची मातीची राजधानी, युनेस्कोच्या यादीत १९८६ पासून. मातीच्या विटांचं एवढं मोठं शहर दोन्ही अमेरिकांत दुसरं नाही. भिंतींवर मासे, पक्षी आणि जाळीची नक्षी. सकाळी नऊलाच जा, सावली शून्य.

इथून उत्तरेला जाताना मध्ये चिक्लायोला एक-दोन रात्री थांबा (चाराचा नियम इथेही मोडतो) आणि लाम्बायेकेचं म्युझियम बघा. १९८७ साली सिपान गावाजवळ एका मोचे राजाची न लुटलेली कबर सापडली, तिच्यातलं सगळं इथे आहे. त्यात एक हार आहे भुईमुगाच्या शेंगांचा. शेंगा एका बाजूला सोन्याच्या, दुसऱ्या बाजूला चांदीच्या, आणि शेंगेवरच्या रेघासुद्धा जशाच्या तशा. मी काचेला नाक लावून उभी होते. शेंगदाण्याचं कूट घातल्याशिवाय ज्यांची भाजी होत नाही त्या आपण, आणि शेंगदाणा ह्यांच्या बाजूचा! बटाटा, मिरची, रताळंही असंच अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलंय. म्हणजे उपवासाची थाळी जवळजवळ पूर्ण इकडचीच, साबुदाणासुद्धा, कारण तो ज्या कंदाचा करतात तो दक्षिण अमेरिकेचा.

६. मान्कोरा

चिक्लायोहून सहा-सात तास, दिवसाची बस घ्या. इथे पाणी एकदम कोमट लागतं कारण हंबोल्ट इथपर्यंत येता येता बाहेर वळतो. भर गावात राहू नका, रात्री उशिरापर्यंत धडाम-धुडूम चालू असतं, दक्षिणेला लास पोसितास म्हणून शांत भाग आहे तिथे रूम घ्या. ये-जा करायला मोतोताक्सी, आणि ती बघून आम्ही दोघं रस्त्यातच हसत सुटलो, अहो बजाज! आपल्या आकुर्डीवाल्यांची रिक्षा, इकडे तिला 'तोरितो' म्हणजे छोटा बैल म्हणतात. ह्यांनी ड्रायव्हरला खुणा करून सांगायचा फार प्रयत्न केला की ही आमच्या गावची, त्याला वाटलं हे भाड्यावरून घासाघीस करतायत, त्याने दोन सोल (इथलं चलन) कमी केले.

एल न्युरो नावाच्या धक्क्यावर समुद्री कासवं येतात, लाइफ जॅकेट घालून त्यांच्या शेजारी पोहता येतं. हात लावायचा नाही. ह्याच पट्ट्यात काबो ब्लान्को आहे, जिथे १९५३ साली १,५६० पौंडांचा, म्हणजे सातशे किलोच्या वर, ब्लॅक मार्लिन नावाचा मासा गळाला लागला होता. हे ऐकून आमचे हे तास-दीड तास गळ टाकून बसलेल्या पोरांच्या मागे उभे. सातशे किलो राहू दे, सातशे ग्रॅमही मिळालं नाही कोणाला.

७. बस आणि रूम

बस कंपन्यांचे स्टँड वेगवेगळे असतात, त्यामुळे तिकिटावरचा पत्ता नीट वाचा. तिकिटाला पासपोर्ट नंबर लागतो. सीट १६० अंश मागे जाते ती घ्या, थोडे जास्त पैसे पडतात पण कंबर वाचते. खालच्या मजल्यावर कमी हलतं. एसी असा लावतात की शाल हवीच. बसमधलं टॉयलेट फक्त लघवीला, हे ते आधीच सांगतात, तेव्हा आदल्या रात्री जपून खा. डिकीत बॅग टाकली की पावती देतात, ती हरवू नका. आमची एक बस साडेतीन तास उशिरा आली आणि स्टँडवर कोणी काही सांगेना, आणि कधी कधी 'पारो' म्हणजे बंद पुकारून हायवेच अडवतात, म्हणून विमान पकडायचं असेल तर मध्ये एक मोकळा दिवस ठेवाच.

डबल बेड हवा असेल तर 'मात्रिमोनियाल' म्हणायचं. म्हणजे लग्नाची खाट! पहिल्यांदा रिसेप्शनवरच्या मुलीने आमच्याकडे बघून "मात्रिमोनियाल?" विचारलं तेव्हा ह्यांना वाटलं मॅरेज सर्टिफिकेट मागतेय, ते फाइल काढायला लागले. रूम घ्यायच्या आधी गरम पाणी सोडून बघा. पासपोर्ट आणि एंट्रीची नोंद दाखवली की परदेशी टुरिस्टला रूमवरचा १८ टक्के कर माफ असतो, छोट्या ठिकाणी मागितल्याशिवाय देत नाहीत. टॉयलेट पेपर कमोडमध्ये नाही, शेजारच्या डब्यात. नळाचं पाणी प्यायचं नाही. आपली बारीक दोन पिनांची चार्जरं चालतात, जाड पिनांची नाही.

पैसे सोलमध्ये, आम्ही एक सोल साधारण २२ ते २६ रुपये धरायचो. एटीएम परदेशी कार्डाला चांगलीच फी लावतात म्हणून थोडे थोडे काढू नका. सुट्ट्यांची बोंब आपल्यासारखीच, शंभराची नोट बघितली की दुकानदाराचं तोंड उतरतं. 'सेन्सियो' म्हणजे सुट्टे, तो शब्द पाठ करा. फाटक्या डॉलरला हात लावत नाहीत.

८. खाणं

मी शाकाहारी, हे सारस्वत. म्हणजे आमच्या घरात ह्या विषयावर तीस वर्षं शांतता करार आहे.

मासे खाणाऱ्यांची इथे चंगळ. सेविचे म्हणजे कच्चा ताजा मासा लिंबात मुरवलेला, वर कांदा, मिरची, बाजूला उकडलेलं रताळं आणि भाजलेला मका. दुपारीच खायचा, चांगली सेविचेची दुकानं संध्याकाळी बंदच असतात. तळाला जो आंबट-तिखट रस उरतो त्याला 'वाघाचं दूध' म्हणतात आणि ग्लासातून पितात. ह्यांचं म्हणणं, आपल्याकडे इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं, त्यापेक्षा हे बरं.

शाकाहारींनी 'वेजेतारियाना' एवढंच म्हणून भागत नाही, सूपमध्ये कोंबडीचा पाय निघतो, माझ्या निघाला. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" असं मटण नको, चिकन नको, मासा नको वेगवेगळं सांगायचं. मग मिळतं बरंच काही: वांकाइना म्हणजे उकडलेल्या बटाट्यावर चीज-मिरचीचा पिवळा सॉस, भात आणि बीन्स परतून केलेला ताकू ताकू, मक्याचं कणीस आणि चीजचा तुकडा, आणि प्रत्येक गावात 'चिफा' म्हणजे चायनीज, तिथे व्हेज फ्राइड राइस. दुपारी पाटीवर 'मेनू' लिहिलेलं दिसलं की आत शिरायचं, सूप, जेवण आणि पेय, आपल्या राइस प्लेटसारखं ठरलेल्या भावात. संध्याकाळी गाडीवर पिकारोनेस मिळतात, भोपळा-रताळ्याच्या पिठाच्या कड्या तळून गुळाच्या पाकात. पहिला घास घेतला आणि म्हटलं, हे तर घारगे!

भाजी मंडईत भाव पाडायच्या भानगडीत पडू नका. बाईला 'कासेरिता' म्हणायचं, तीही तुम्हाला तेच म्हणते, म्हणजे आपलं नेहमीचं गिऱ्हाईक. पैसे देऊन झाले की हसून "यापा?" म्हणायचं, ती वर एक मूठ काहीतरी टाकते. कढीपत्ता-कोथिंबिरीसारखंच, फक्त इथे त्याला नाव आहे.

९. रोज दोन तास वेगळे व्हा

हे कोणी सांगत नाही. घरी हे सकाळी फिरायला, मी भिशीला, तसं बरं चाललेलं असतं, आणि प्रवासात चोवीस तास समोरासमोर. पाचव्या दिवशी टूथपेस्टवरून भांडण. मग ठरवलं, रोज सकाळी दोन तास तुम्ही तिकडे मी इकडे. हे धक्क्यावर, मी मंडईत. दुपारी भेटलो की दोघांकडे सांगायला काहीतरी असायचं. भारतात फोनही सकाळीच करा, तिथे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच.

१०. परत येताना

मान्कोराहून लिमाला परत बसने येऊ नका, जवळच्या तालारा शहरातून विमान आहे, दोन तासांच्या आत. लिमात एक रात्र ठेवून मगच मोठी फ्लाइट. फळं बॅगेत घालू नका, अमेरिकेत उतरल्यावर काढून घेतात. चिरिमोया तिथेच खा, आपल्या सीताफळाची बहीण आहे, बिया कमी. लुकुमा नावाच्या फळाची पिवळी पावडर मात्र पाकिटात मिळते, ती आणता येते, फॉर्मवर लिहा म्हणजे झालं. मी दोन पाकिटं आणली आणि कोजागिरीला मसाला दुधात घातली. लेकीला आवडलं. ह्यांनी एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "केशर संपलंय का घरातलं?"